'ढ' कोणाला म्हणावे?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत जरा भारदस्त छापले गेले आहे : 'बालमानसशास्त्रातील शास्त्रीय विचार, नीती आणि मूल्यमापन'. ते वाचून काही पालकांनी दाराजवळच्या खुर्च्या धरल्या असतील तर त्यात त्यांचा दोष नाही. मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. बी. एड. करताना जेवढे शिकलो आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत वर्गात उभे राहून जेवढे चुकलो, तेवढ्याच शिदोरीवर चार शब्द बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासूनच करणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा होता. त्याचे वडील कुवेतला, घरी आई, आजी आणि चाचा. घरात कोकणी बोली, मदरशात उर्दू आणि शाळेत पुस्तकी मराठी. गणिताच्या तासाला फळ्याजवळ बोलावले की हा खडू हातात धरून नुसता उभा राही. एके दिवशी फळ्यावर २४० गुणिले ३.५ असे गणित होते. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मी वैतागून म्हणालो, "बस खाली. ढ तो ढच." वर्ग हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून मुलांनी त्याचे नावच 'ढ' ठेवले.

हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. तो कसा आला त्याची गोष्ट अशी सांगतात, की सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत साऱ्या अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ तसेच राहिले. म्हणून जो काही केल्या बदलत नाही तो ढ. म्हणजे आपण मुलाला ढ म्हणतो तेव्हा त्याला आज गणित आले नाही एवढेच म्हणत नाही. तू कधीच बदलणार नाहीस, असे भविष्य सांगतो. एवढे मोठे भविष्य मी एका गुणाकारावरून सांगून मोकळा झालो होतो.

पुढे एप्रिलमधल्या एका रविवारी महामार्गालगतच्या एका आंब्याच्या स्टॉलवर मी थांबलो. स्टॉल त्या मुलाच्या चाचाचा होता आणि गल्ल्यावर हा बसला होता. माझ्यापुढे एक मुंबईचे गिऱ्हाईक होते. त्यांनी साडेचारशे रुपये डझनाचे आंबे साडेतीन डझन घेतले आणि दोन हजार रुपये पुढे केले. मुलगा म्हणाला, "तीन डझनाचे साडेतेराशे, अर्ध्याचे सव्वादोनशे, झाले पंधराशे पंचाहत्तर. सव्वाचारशे परत." हातात कागद नाही, मोबाइल नाही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारले, "अरे, असलेच गणित मी फळ्यावर घातले होते. तेव्हा का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "सर, वर्गात मी ढ आहे ना."

त्याने हे तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. आपला हजेरी क्रमांक सांगावा तसे सांगितले. मित्रहो, त्या दिवशी आंबे घेऊन घरी गेलो खरा, पण ते गोड लागले नाहीत.

पुढे वाचन करताना मला कळले, की माझ्या त्या स्टॉलसारखीच गोष्ट ब्राझील देशातील रेसिफे शहरात शास्त्रीय पद्धतीने तपासली गेली होती. तेरेझिन्हा काराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशोब विचारले. मुले नऊ ते पंधरा वर्षांची होती. मग तीच गणिते काही दिवसांनी शाळेच्या पद्धतीने दिली. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रस्त्यावर सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. शाब्दिक उदाहरणे घातली तेव्हा सुमारे ७४ टक्के. आणि नुसती आकडेमोड मांडून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्के. मुले तीच, डोकी तीच, गणितेही तीच. मुले पाचच होती, हे खरे, परंतु मास्तरची झोप उडवायला पाच पुरेशी आहेत. मग ९८ खरे की ३७ खरे? माझे उत्तर असे, की दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हींपैकी एकही आकडा म्हणजे तो मुलगा नव्हे. मुलाने कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणी कोणत्या रीतीने विचारले असता काय केले, एवढेच आकडा सांगतो. आज मला हीच एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे.

आता शास्त्रीय विचार म्हणजे काय? प्रयोगशाळा आणि पांढरा कोट म्हणजे शास्त्रीय विचार नव्हे. समोर कोणी काही ठामपणे सांगितले की "कशावरून?" असे विचारणे, आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचारणे, म्हणजे शास्त्रीय विचार. एक मजेदार उदाहरण सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बर्लिन येथे फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज, वजाबाकी, अपूर्णांकसुद्धा सोडवतो अशी ख्याती झाली. उत्तर जितके, तितक्या वेळा तो खूर आपटी. १९०४ साली जाणकारांच्या समितीने तपासणी केली आणि यात कोणतीही लबाडी नाही असे सांगितले. पण ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या एका संशोधकाने तेवढ्यावर समाधान मानले नाही. त्याने एकेक गोष्ट बदलून पाहिली. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले तर? घोड्याला विचारणारा दिसलाच नाही तर? दोन्ही वेळा हान्सचे गणित बिघडले. १९०७ मध्ये त्याने सारे उलगडून दाखवले. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे आणि घोडा तेवढे पाहून थांबत असे. मालकाने फसवले नव्हते. मालकाला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

जे घोड्याला कळते ते अकरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही काय? मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावत होतो तेव्हा 'याला येणार नाही' हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेले असणार. त्याने गणिताच्या आधी माझा चेहरा वाचला. फरक इतकाच, की हान्सला चेहऱ्यावरून उत्तर मिळत होते आणि माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर चेहऱ्यामुळे गिळले जात होते.

आता मूल्यमापनाकडे वळू. मुलाची बुद्धी मोजण्याची चाचणी प्रथम नीट बांधली ती फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी. त्यांच्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की त्या काळी डोक्याचा घेर मोजून बुद्धी ओळखता येते असे भलेभले मानत. बिने यांनीही १९०० च्या सुमारास शाळेतील मुलांची डोकी मोजून पाहिली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांतला फरक नगण्य निघाला. शिवाय त्यांच्या लक्षात आले, की आपल्या मनात जी अपेक्षा असते तिच्याकडे मोजणारा हात नकळत झुकतो. त्यांनी हा दोष लपवला नाही. छापून सांगितला आणि ती वाट सोडून दिली. याला मी शास्त्रज्ञाचे इमान म्हणतो.

दुसरी गोष्ट हेतूची. १९०४ साली फ्रेंच सरकारने एक आयोग नेमला. ज्या मुलांना नेहमीच्या वर्गात शिकणे जमत नाही त्यांना ओळखून त्यांच्यासाठी वेगळी मदत कशी करावी, हा प्रश्न होता. बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कृतींची चाचणी तयार केली. जळत्या काडीकडे नजर फिरवणे, चित्रातील वस्तू ओळखणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या त्या कृती होत्या. म्हणजे या चाचणीचा जन्म मदतीसाठी झाला. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली आणि न वाढणारी असते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष आणि स्मरण वाढवण्याचे व्यायाम सुचवले. आपली मुले 'स्टॅच्यू' खेळतात ना, तसा न हलता उभे राहण्याचा खेळही त्यात होता. १९११ साली बिने वारले.

पुढे त्यांच्या हत्याराचे काय झाले पाहा. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक नावाचा एक आकडा घरोघर झाला. दहा वर्षांच्या मुलाने आठ वर्षांच्या मुलाइतके केले की बुद्ध्यंक ८०. आजच्या चाचण्या असा भागाकार करीत नाहीत, त्या एका वयाच्या मुलांची आपसांत तुलना करतात. पण आकड्याचा मोह तोच राहिला. हेन्री गॉडर्ड यांच्या माणसांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या, दमलेल्या गोरगरीब परदेशी लोकांना दुभाष्यामार्फत असल्या चाचण्या दिल्या. १९१७ साली जे छापले गेले त्यात तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी पाचांत चार जण मंदबुद्धी ठरले होते! नवखा देश, परकी भाषा, पोटात समुद्राची मळमळ, आणि निष्कर्ष काय, तर यांना अक्कल कमी.

हे वाचताना आपल्या मुलांची आठवण होणे साहजिक आहे. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे काम करून १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. परदेशी प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, आपल्या मुलांना काय कोणत्या वयात येते ते आपल्या मुलांतच पाहावे लागते, हे त्यांनी ओळखले. पण आपल्या घरातले मूल कोकणी, दखनी किंवा उर्दू बोलत शाळेत येते. त्याला मराठीतला प्रश्न कळला नाही की प्रश्नातले गणित कळले नाही, याचा निवाडा चाचणी घेणाऱ्याने केला काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता नीतीविषयी. १९३९ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमात बावीस मुलांवर एक प्रयोग झाला. तोतरेपणा कशाने येतो याचा शोध घ्यायचा होता. विद्यापीठातील प्राध्यापक वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते आणि मुलांना बोलण्यावरून टोकले की ती तोतरी होतात असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या विद्यार्थिनीने, मेरी ट्यूडर यांनी, सहा नीट बोलणाऱ्या मुलांना काही महिने पुनःपुन्हा सांगितले, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, नीट येत नसेल तर बोलू नका. ती मुले तोतरी झाली असे म्हणता येत नाही, पण ती बोलायला कचरू लागली, मुकी मुकी झाली. मुलांना खरे काय ते कोणी सांगितले नाही, आणि विचारायला आईबापही नव्हते. पुढे कित्येक वर्षे ही हकीकत दबून राहिली. २००१ मध्ये ती वर्तमानपत्रातून बाहेर आली, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये राज्याने त्यातील सहा जणांना किंवा त्यांच्या वारसांना मिळून ९ लाख २५ हजार डॉलर देण्याचे मान्य केले. तोवर ती मुले म्हातारी झाली होती. काही तर जगातून गेली होती.

बंधुभगिनींनो, हा प्रयोग वाचताना मला घाम फुटला. कारण मी सहावीच्या वर्गात निराळे काय केले होते? त्यांनी निदान प्रयोगाचे नाव दिले होते. मी तर थट्टा समजून केले.

आज नियम बदलले आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यासही मनाई केली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुलावर संशोधन करायचे तर पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. मूल लहान असले तरी ते कोणाच्या मालकीचे नाही, हे यामागचे तत्त्व. मी आज ज्या मुलाची गोष्ट सांगितली तो आता एकवीस वर्षांचा आहे. त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच मी ती सांगितली. तो म्हणाला, "सांगा सर, पण नाव नको." म्हणून नाव नाही.

यावर काही पालक म्हणतील, मग चाचण्या नकोतच! तेही बरोबर नाही. काही मुलांना अक्षरे नीट वाचता येत नाहीत, काहींना ऐकू कमी येते, काहींना फळा दिसत नाही. अशा वेळी तज्ज्ञाकडून नीट तपासणी करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झाली आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणून ती लपवली तर मुलाला मिळणारी मदत आपणच अडवतो. निदान आणि शिक्का यांत फरक आहे. निदानानंतर उपाय सुरू होतो, शिक्क्यानंतर सगळे थांबते.

दुसऱ्या टोकाला काही पालक कोणीही काहीही मोजून दिले तरी पैसे मोजतात. मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन त्याची बुद्धी, त्याचा कल आणि त्याने डॉक्टर व्हावे की वकील, हे सांगणारी माणसे गावोगाव फिरतात. रंगीत अहवाल हाती देतात. याला शास्त्रीय आधार नाही, असे देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितले आहे. ज्या माणसाने बुद्धिचाचणी शोधली त्याने शंभरावर वर्षांपूर्वी डोकी मोजणे सोडून दिले, आणि आपण आज बोटे मोजून घ्यायला रांग लावतो! अशा वेळी त्या फुंग्स्टची आठवण करावी आणि शांतपणे विचारावे, "कशावरून?"

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच, की शाळेची प्रगतिपुस्तिका असो, शिष्यवृत्तीचा निकाल असो की तज्ज्ञाचा अहवाल, तीन प्रश्न विचारा. नेमके काय मोजले? कोणत्या भाषेत आणि कोणत्या परिस्थितीत मोजले? आणि यातून माझ्या मुलाला पुढे कोणती मदत मिळणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तो आकडा तुमच्या काही कामाचा नाही. हे प्रश्न आम्हा शिक्षकांनाही विचारा. आम्हाला राग आला तर येऊ द्या. आणि शेजारच्या मुलाला किती गुण पडले हा चौथा प्रश्न कृपा करून विचारू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगायचे आहे. गुण कमी पडले तर अभ्यास वाढवा, ते टाळण्यासाठी माझे हे भाषण पुढे करू नका! पण वर्गातल्या कोणाला ढ म्हणून हाक मारू नका. आणि तुम्हाला कोणी म्हटले तर ते मनावर लिहून घेऊ नका. ते त्या माणसाचे मत आहे. ते चुकू शकते. माझे चुकले होते.

त्या रविवारनंतर सोमवारी मी वर्गात सर्वांसमोर सांगितले, की चूक माझी होती. त्या मुलाला आंब्याचा हिशोब सर्वांना समजावून सांगायला लावले. साडेतीन म्हणजेच ३.५ हे त्या दिवशी निम्म्या वर्गाला प्रथम कळले. पुढे तो दहावीला ६१ टक्के मिळवून उत्तीर्ण झाला. ही माझी यशोगाथा म्हणून सांगत नाही. त्याचे सर्वांत कमी गुण गणितातच होते. फळ्यासमोरची त्याची भीती पुरती कधी गेली नाही. माफी मागायला मला पाच मिनिटे लागली, पण त्या एका शब्दाचे पुसणे माझ्या हाती राहिले नाही.

'ढ' हे अक्षर दोन हजार वर्षांत बदलले नसेल. मूल मात्र रोज बदलते. ते बदल पाहण्याइतकी नजर आणि ते होऊ देण्याइतका धीर आपणा सर्वांना लाभो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.